अबोध मन आपल्या सूचना ऐकतं का?

तुम्ही विचारलंय की मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉईड याचं अबोध मन म्हणजे नेमकं काय, आणि मुलाच्या क्लासमध्ये सांगतात तसं झोपताना रोज सूचना दिल्या तर ते खरंच मार्क मिळवून देतं का. मी लातुरात बरीच वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. त्यामुळे दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: फ्रॉईडच्या सिद्धांतात असं काहीही नाही. त्याचं अबोध मन कुणाचा हुकूम ऐकत नाही.

आजोळच्या गावाचं नाव आत्ता तुमच्या मनात नव्हतं, विचारलं की लगेच आलं. अशा गोष्टी फ्रॉईड बोधपूर्व मनात ठेवतो. अबोध मनातलं मात्र विचारून वर येत नाही, कारण ते नुसतं विसरलेलं नसतं, त्याचं दमन झालेलं असतं. ती इच्छा किंवा ती आठवण सोसवत नाही म्हणून मन तिला अडवून धरतं. बोलणं तिच्या जवळ आलं की माणूस विषय बदलतो, चिडतो, नाहीतर "चला, निघतो आता" म्हणतो. हा प्रतिरोध म्हणजे माझ्या मते सगळ्या सिद्धांतातला सर्वांत पक्का भाग. तो कुणालाही समोर बसून पाहता येतो.

१८८९ मध्ये फ्रॉईड फ्रान्समधल्या नान्सी शहरात डॉक्टर बर्नहाइमचे संमोहनाचे प्रयोग बघायला गेला होता. संमोहनात दिलेला हुकूम माणूस जागा झाल्यावर पाळतो, आणि का केलंस म्हटलं की भलतंच कारण सांगतो. खोटं बोलत नसतो तो, त्याला ते कारण खरंच वाटत असतं. फ्रॉईडच्या सिद्धांतात यातून आलं ते हुकूम देण्याचं तंत्र नव्हे. आपल्या वागण्याचं खरं कारण आपल्यालाच ठाऊक नसू शकतं, हे फ्रॉईडला तिथे दिसलं.

१९१५ च्या निबंधात त्याने या अबोध मनाचे गुण सांगितले. तिथे काळ नाही, नकार नाही, आणि परस्परविरोधी इच्छा एकमेकींना न खोडता शेजारी नांदतात. आता सांगा, "यंदा नीटला सहाशेच्या वर" हा संकल्प अशा ठिकाणी कसा पोचणार?

इथे रिपीट करणारी लेकरं मी जवळून पाहिली आहेत. एरवी पहाटे उठणारं पोरगं नेमकं टेस्टच्या दिवशी उठत नाही, हॉलतिकीट खोलीवर राहतं. प्रत्येक वेळी त्यामागे अबोध मन असेलच असं नाही, जागरणसुद्धा पुरतं. पण परत परत घडलं तर विचार करावा. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली असते. "मला डॉक्टर व्हायचं नाही" हे त्या लेकराला स्वतःशीसुद्धा म्हणता येत नाही. १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस म्हणत की प्रत्येक इच्छेमागे तिची उलट इच्छा दडलेली असते. फ्रॉईडशी त्यांचा याबद्दल पत्रव्यवहारही झाला. अशा मुलाकडून रात्री "मी डॉक्टर होणारच" घोकून घेतलं तर दडलेली इच्छा आणखीच दाबली जाते. अंग सैल सोडून शांत पडण्याचा फायदा होतो, तो वेगळा.

अबोध मनाच्या नावावर स्वप्नांचे अर्थ विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, असं फ्रॉईडने १९०० मध्ये मांडलं, पण पहिल्या महायुद्धातून आलेल्या सैनिकांना तोच भयंकर प्रसंग स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसे. १९२० मध्ये त्याला हा अपवाद मान्य करावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, झालेल्या किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांकडून मी तशीच स्वप्नं ऐकली आहेत. त्यांत कुठली इच्छा शोधायची?

हा सिद्धांत खोटा ठरवण्याची सोयच नाही, ही विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याची टीका मला बऱ्याच अंशी पटते. तरी दमन आणि प्रतिरोध मी सोडणार नाही.

मुलाशी क्लास, मार्क हे विषय न काढता बोला, आणि तो बोलत असताना मध्ये समजावू नका. झोप, जेवण तुटलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेवर, १४४१६ या नंबरला, मराठीत बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञालाही दाखवा.