'प्रायर आर्ट'ला 'पूर्वकला' म्हणावं का?

सॉफ्टवेअर पेटंटवरच्या लेखात 'प्रायर आर्ट'साठी (म्हणजे पेटंटच्या अर्जाआधीच लोकांपुढे असलेलं, त्यामुळे पेटंट अडवू शकणारं तंत्र किंवा माहिती) 'पूर्वकला' लिहिलेलं आढळलं; ते बरोबर आहे का, की 'पूर्वज्ञान' बरं, असा प्रश्न आहे.

'पूर्वकला' चूक नाही. पेटंट कायद्यातला 'आर्ट' म्हणजे कसब, हुन्नर. आपल्या चौसष्ट कलांतही सुतारकाम आणि धातुविद्या आहेतच. पण आजचा वाचक हा शब्द वाचून थेट अजिंठ्याला पोचेल, त्याला काय करणार!

'पूर्वज्ञान' पटकन कळतं, तरी नेमकं नाही. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं. हे ज्ञान आपल्या घराघरांत होतं, पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरत नसत, छापील पुरावा लागे. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे केला, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. म्हणजे ज्ञान असून भागलं नाही, ते प्रसिद्ध झालेलं असावं लागलं.

म्हणून मी 'पूर्वप्रसिद्ध' सुचवेन. सॉफ्टवेअरमध्ये तर तो चपखल बसतो. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्यासाठी मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी केलेल्या 'ब्लूजे' या सॉफ्टवेअरमध्ये क्लासवर (साच्यावर) क्लिक करून ऑब्जेक्ट (त्या साच्यातली वस्तू) तयार करायचा, तो खाली पट्टीत दिसतो, मग त्याच्या मेथड (त्याला करता येणारी कामं) एकेक चालवून पाहायच्या. हे १९९९ पासून सर्वांपुढे होतं. मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल स्टुडिओ २००५' या आपल्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात तसंच काही आणलं, इथवर ठीक. पण वर त्याच्या पेटंटसाठी अर्जही केला! ओरड झाल्यावर जानेवारी २००७ मध्ये कंपनीने चूक मान्य करून अर्ज मागे घेण्याचं जाहीर केलं. 'ब्लूजेमुळे ही कल्पना पूर्वप्रसिद्ध होती' असं सरळ वाक्य होतं की नाही? 'ब्लूजे ही पूर्वकला होती' म्हणून बघा.

नाम हवं असेल तिथे 'पूर्वप्रसिद्ध तंत्र' लिहावं. वकिलांसाठीच्या मजकुरात 'प्रायर आर्ट' तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही.

मात्र यातला 'प्रसिद्ध' म्हणजे 'पुस्तक प्रसिद्ध झालं' मधला, नामांकित या अर्थाचा नव्हे. ग्रंथालयाच्या सूचीत नोंदलेला, कुणीही न उघडलेला प्रबंधसुद्धा पेटंट अडवू शकतो.