निहाली ही कोरकूचीच बोली आहे का? तिचे शब्द नोंदवायचे असतील तर सुरुवात कुठून करावी?

बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे. (कोरकू म्हणजे मेळघाट-सातपुड्यातल्या कोरकू आदिवासींची भाषा.) ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकाळातल्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (1906) ती कोरकूबरोबर मुंडा गटात (संथाळी, मुंडारी यांच्या भाषाकुळात) गेली आणि तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. ही भाषा बोलणारे निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेजारी राहिले, त्यांच्याकडे मजुरीला गेले; त्यामुळे एक तृतीयांशाहून जास्त शब्द कोरकूचे निघतात. पण 1962 साली कॉइपर या डच अभ्यासकाने शब्द चाळले, तर जवळजवळ चौथाई शब्दांना कुठेच सोयरा सापडेना. पाण्याला कोरकूत ‘डा’, निहालीत ‘जोप्पो’. कानाला कोरकूत ‘लुटुर’, निहालीत ‘चिगम’.

जायचं कुठे, तर बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. जनगणनेत शोधू नका. दहा हजारांखालच्या भाषा तिथे वेगळ्या छापत नाहीत. आणि ‘नहाली’ नावाची भिली वळणाची वेगळी बोलीही आहे, जुनी शब्दयादी हातात पडली की आधी ती कुठल्या गावची ते बघा. जळगाव जामोदकडचे निहाल आपल्या भाषेला ‘काल्टो’ म्हणतात.

सुरुवात आकड्यांपासून करू नका, तिथेच बहुतेकजण फसतात. एकाला ‘बिदुम’, पण पुढचे ‘इरार’, ‘मोथो’, ‘नालो’ द्राविडी वळणाचे आणि पाचापासून मराठी-हिंदीसारखे. एवढ्यावरून कोणीही ‘द्राविडी भाषा’ असं ठोकून देईल. अवयव, पाणी, आग, झाड, घर, मी-तू हे आधी घ्या.

मराठीत ‘याला काय म्हणता?’ विचारलं की पुष्कळदा मराठी किंवा कोरकू शब्दच परत येतो, कारण सगळेच तीन-चार भाषा बोलतात. वस्तूकडे बोट दाखवा. शब्द तीनदा म्हणवून घ्या, मग एका वाक्यात. तीच यादी त्याच गावातल्या कोरकू माणसाकडूनही भरून घ्या. उसना शब्द ओळखायला याहून सोपी चाळणी नाही.

ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये ठेवा, एमपी3सारख्या दाबलेल्या फाइलीत शब्दाच्या टोकाचे बारीक आवाज बुजतात. नुसत्या देवनागरीवर विसंबू नका: आपण ‘च’ दोन तऱ्हांनी वाचतो, ‘चहा’तला आणि ‘चंद्र’मधला. ‘चिगम’मधला कुठला, हे वर्षभराने कागदावरून कळणार नाही. शेजारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा (प्रत्येक ध्वनीला वेगळं चिन्ह असलेल्या लिपीचा) रकाना हवाच, शिवाय बोलणाऱ्याचं गाव, वय आणि घरात कोणती भाषा चालते तेही. परवानगी मात्र मुद्रणयंत्र सुरू करण्याआधी, आणि आवाज पुढे कुठे वापरणार ते सांगून.