संकटं एकामागून एक येत असताना देव शेवटपर्यंत सोबत राहील, यावर विश्वास कसा ठेवावा?

थोडक्यात सांगायचं तर, संकट नाकारून नव्हे. बायबलमधलं विलापगीत जेरुसलेम बेचिराख झाल्यावरचं आहे. भुकेनं तळमळणारी लेकरं, ओस रस्ते, हे सगळं त्यात आहे. आणि त्याच्या अगदी मधोमध, तिसऱ्या अध्यायात, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी असते, त्याचं विश्वासूपण मोठं आहे, असं तो रडणारा माणूस म्हणतो. तेव्हा शहर अजून पडलेलंच होतं.

मला आधार वाटतो तो पंडिता रमाबाईंचा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही मनोरमा. पुढची वाट कुणी आखून दिली नव्हती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणलं, कारण पोटातली आग काय असते हे त्यांना ठाऊक होतं. देव मार्ग दाखवतो तो बरेचदा असा, मागे वळून पाहिल्यावरच कळणारा. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही.

तुम्हाला आज प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्रसंहितेतलं तेविसावं स्तोत्र मोठ्यानं वाचा. आणि चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना विचारा, देवानं त्यांना कसं सांभाळलं. त्या सांगतील, वेळ काढून सांगतील.