अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर यांच्या ‘शुअर ऑन धिस शायनिंग नाइट’ या गीतात पियानो केवळ साथ करतो का?

आपला प्रश्न असा आहे की, या गीतात पियानो पेटीसारखी गायकाची साथ करतो, की त्याला स्वतंत्र काम दिलेले आहे. माझ्या मते निम्मे गीत पियानोकडेच आहे, आणि हे मला पियानोचा भाग स्वतः वाजवायला बसल्यावरच उमगले.

पहिल्यांदा ऐकताना पियानोच्या कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचे, संथ, एकसारखे ठोके तेवढे लक्षात येतात. मात्र गायकाने पहिली ओळ उचलल्यावर थोड्याच मात्रांनी पियानोचा उजवा हात तीच चाल खालच्या तिसऱ्या सुरावरून म्हणू लागतो. पाश्चात्त्य संगीतात या रचनेला कॅनन म्हणतात. पेटीवादक गायकाच्याच स्वरांचा मागोवा घेतो. येथे मात्र पियानो तीच चाल वेगळ्या स्वरावरून पुरी करत असतो, तेव्हा गायक पुढच्या शब्दांवर गेलेला असतो. वाजवणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते, कारण ठोके दबते ठेवून त्यांतून ही चाल वर आणावी लागते. मी कित्येक दिवस ती एकच ओळ, ठोके गाळून, घोळवत बसलो होतो.

गीताचे शब्द म्हणजे अमेरिकन कवी जेम्स एजी यांची कविता; ती त्यांच्या 1934 च्या संग्रहातली आहे. चांदण्या रात्री एकटाच दूर भटकणारा माणूस त्या नवलाने रडतो, एवढाच तिचा आशय. कविता एकट्याची आहे, पण चालीला मात्र सोबत आहे, आणि मला या गीताचे सारे सौंदर्य तिथेच दिसते. मधल्या भागात, सारे काही बरे झाले आहे असे कवी म्हणतो तेथे, पियानो भरून येतो आणि मग पुन्हा शांत होतो.

बार्बर यांनी हे गीत 1938 मध्ये रचले. ओपस 13 (म्हणजे त्यांच्या रचनांच्या यादीतला क्रमांक 13) मधील चार गीतांपैकी ते तिसरे. बार्बर स्वतः बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीच्या पुरुषी आवाजाचे, गायक होते आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये रचना व पियानोबरोबर गायनही शिकले होते. त्यांच्या मावशी लुईस होमर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गात असत, तर मावशींचे यजमान सिडनी होमर अशाच गीतांचे रचनाकार होते. श्वास कोठे घ्यायचा आणि शब्द कोठे टेकवायचा, याची जी जाण या चालीत दिसते, ती मला या घरातूनच आलेली वाटते.

पुढच्या वेळी ऐकताना गायकाकडे मुद्दाम थोडे दुर्लक्ष करून पियानोचा वरचा स्वर धरून ठेवावा. त्यानंतर बार्बर यांची 1953 ची ‘हर्मिट साँग्ज’ ऐकावीत. गायिका लिऑन्टीन प्राइस गात आहेत आणि पियानोवर स्वतः बार्बर आहेत, असे त्यांचे ध्वनिमुद्रण आहे. त्यांतील भिक्षू आणि त्याच्या मांजराच्या गीतात तर मांजराचे चालणे सर्वस्वी पियानोकडेच आहे.