दिव्यांखाली बदलणारे रंग

प्रश्न : आमचे इंदूरचे हौशी मंडळ अहिल्याबाईंच्या जीवनावर नाटक बसवत आहे. क्लॉथ मार्केटमध्ये खुलून दिसलेला एका पात्राचा गर्द हिरवा शालू रंगीत तालमीत, सूर्यास्ताच्या प्रवेशात, चक्क काळपट दिसला. उलट अहिल्याबाईंची शुभ्र साडी डोळ्यांत खुपत होती. कापड बदलावे काय?

उत्तर : शालू इतक्यात परत करू नये. कापड आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील काही रंग शोषते आणि उरलेले परत पाठवते. सूर्यास्तासाठी लावलेल्या तांबड्या-नारिंगी जिलेटिनने, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक पडद्याने, हिरवा प्रकाश दिव्यापाशीच अडवल्यावर शालूकडे परत पाठवण्यासारखे फारसे काही उरत नाही. निळ्या रात्रीच्या प्रवेशात हीच गत कुंकवासारख्या लाल रंगाची होते. म्हणून आधी प्रकाशयोजनाकाराला जिलेटिन फिके करून समोरून थोडा बिनरंगी प्रकाश मिसळायला सांगावे. तेवढ्याने भागले नाही, तर पिवळसर झाक असलेला मेंदी रंग घ्यावा, कारण तो तांबड्या उजेडातही थोडाफार तग धरतो.

पांढऱ्याचे दुखणे निराळे आहे. ते कापड जवळजवळ सगळाच प्रकाश परतवते, त्यामुळे साडी झळकते आणि नटीचा चेहरा मागे पडतो. अहिल्याबाईंची साडी पांढरीच हवी, याबद्दल दुमत नाही. पण रंगमंचावर पांढरे दिसण्यासाठी कापड पांढरेशुभ्र असावे लागत नाही. कोऱ्या चहाच्या पातळ पाण्यात बुडवून काढलेली सुती साडी प्रेक्षकांना पांढरीच वाटते. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा, आणि धुताना नीळ अजिबात घालू नये. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली महेश्वरी साडी मिळाली तर उत्तम, कारण तिची चमक शुद्ध रेशमाइतकी भडक नसते.

नाट्यगृहात दिवे कोणते आहेत, हेही विचारून घ्यावे. हॅलोजनचा प्रकाश मुळातच पिवळसर, सुमारे 3200 केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) असतो आणि डिमरने उतरवला की आणखी तांबूस होतो. त्यात निळे व जांभळे कापड मंदावते. लाल, हिरव्या आणि निळ्या एलईडी मिसळून केलेल्या पांढऱ्या उजेडात तर दुकानात तंतोतंत जुळलेले पोलके आणि साडीचे काठ वेगवेगळे दिसू शकतात. यापुढे खरेदीपूर्वी निदान अर्धा मीटर कापड आणून ते नटाच्या खांद्यावर टाकावे आणि प्रत्येक प्रवेशाच्या दिव्यांखाली शेवटच्या रांगेतून पाहावे. बोटभर नमुन्यावरून काहीच कळत नाही.