टाउनचीच पवनचक्की, टाउनवरच केस

प्रश्न : वकीलताई नमस्कार. मुलगा आणि सूनबाई अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असतात, केप कॉडच्या बाजूला एक घर पसंत केलंय. भाव जरा कमी वाटला म्हणून खोदून विचारलं तर कळलं की मागच्या झाडीपलीकडे टाउन, म्हणजे तिथली नगरपालिकाच, स्वतः पवनचक्की उभी करायच्या विचारात आहे. मुलगा म्हणतो बाबा काळजी नको, इथे फाल्मथमध्ये लोकांनी केस करून दोन बंद पाडल्या. मला काही पटत नाही, सरकारी कामावर केस करून कोणी जिंकतं का?
– एक काका, डोंबिवली

काका, जिंकतात. पण "केस करून बंद पाडल्या" हे मुलगा जितक्या सहज म्हणतोय तितकं सहज ते झालेलं नाही, सात वर्षं गेली त्यात.

फाल्मथ टाउनने आपल्या सांडपाणी प्लांटच्या जागेत दोन टर्बाइन म्हणजे पवनचक्क्या बसवल्या, वेस्टास कंपनीच्या व्ही-८२, प्रत्येकी १.६५ मेगावॅटच्या, पहिली २०१० ला चालू झाली आणि दुसरी २०१२ ला. पात्याच्या टोकापर्यंत उंची १२० मीटरच्या आसपास आणि सगळ्यात जवळची घरं जेमतेम चारशे मीटरवर. पहिली फिरायला लागली आणि तक्रारी सुरू, झोप नाही, डोकं दुखतं, कानात दडे बसतात. आता इथे लोक हमखास चुकतात, त्यांना वाटतं तब्येतीचे रिपोर्ट घेऊन कोर्टात गेलं की झालं काम. २०१२ च्या सुरुवातीला राज्याने नेमलेल्या तज्ज्ञांच्या पॅनलने सांगितलं की पवनचक्कीमुळे होणारा असा कुठला वेगळा आजार असतो याला पुरावा नाही, त्रास आणि झोपमोड याबद्दल थोडाफार आहे. म्हणजे नुसत्या तब्येतीवर केस उभी करणं अवघडच होतं.

जोर होता तो दोन साध्या गोष्टींत. पहिली आवाजाची. मॅसॅच्युसेट्सचा नियम असा की आजूबाजूचा जो मुळातला आवाज असेल त्याच्यावर १० डेसिबलपेक्षा जास्त भर टाकायची नाही. दिवसा ते चालून जातं हो, पण रात्री असल्या गावात चिटपाखरू नसतं, मुळातला आवाजच इतका कमी की पात्यांचा आवाज लगेच वर येतो, आणि राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१२ मध्ये मोजलं तेव्हा पहिली टर्बाइन रात्री हद्द ओलांडतेय असंच निघालं.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि माझ्या मते टाउनने खरा घोळ इथेच घातला. गावच्याच झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेत काय बांधायचं याच्या, नियमात पवनचक्कीला स्पेशल परमिट लागेल असं लिहिलेलं होतं. टाउन म्हणालं आम्ही टाउन आहोत, काम सार्वजनिक आहे, आम्हाला कशाला परमिट. शेजारी बिल्डिंग कमिशनरकडे गेले, तिथे नकार, झोनिंग बोर्डाकडे नकार, खालच्या कोर्टातही नकार, आणि मग २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की लागतं, टाउन असलात तरी लागतं. पहिली टर्बाइन त्या वर्षी थांबली.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली, गंमत म्हणजे आपल्याला, तिथल्या टॅक्स भरणाऱ्यांना नसेल. २०१३ मध्ये गावच्याच झोनिंग बोर्डाने एका शेजाऱ्याच्या तक्रारीवर हा न्यूसन्स, म्हणजे शेजाऱ्यांना उपद्रव, आहे असा निकाल दिला, आणि गावाचा कारभार बघणाऱ्या, निवडून आलेल्या सिलेक्टमन मंडळींनी आपल्याच बोर्डाविरुद्ध कोर्ट गाठलं. दोन्ही बाजूंना फाल्मथ! त्याच वर्षी टर्बाइन काढून टाकायला लागणारा पैसा मंजूर करायचा का यावर गावात मतदान झालं तर लोकांनी नाही म्हटलं. म्हणजे मुलाने हेही लक्षात ठेवावं की शेजारीपाजारी सोडले तर बाकी गाव आपल्या बाजूने असेलच असं नाही. नोव्हेंबर २०१३ ला न्यायाधीश म्युझ यांनी टर्बाइन फक्त सकाळी ७ ते संध्याकाळी ७ चालवा, रविवारी आणि मोठ्या सणांना बंद ठेवा असा आदेश दिला आणि जून २०१७ ला न्यायाधीश मोरियार्टी यांनी न्यूसन्स म्हणून दोन्ही कायमच्या बंद केल्या. टाउनने पुढे अपील केलं नाही, २०२२ मध्ये त्या उतरवल्या. कर्ज मात्र गावाच्या बोकांडी राहिलं.

तर मुलाला सांगा, टर्बाइन अजून कागदावर आहे तोवरच हालचाल करायची. स्पेशल परमिट मागितलंय का, सुनावणी कधी आहे, हे टाउन हॉलमध्ये जाऊन विचारायचं. तिथे मुदती फार कमी असतात, बिल्डिंग खात्याच्या निर्णयावर बोर्डाकडे जायला ३० दिवस आणि बोर्डाच्या निर्णयावर कोर्टात जायला २० दिवस. वकील तिथलाच, झोनिंगवाला बघा. आणि खरं विचाराल तर अजून सही झालेली नाही ना? मग दुसरं घर बघा की.

प्रश्न : म्हणजे टाउनने पवनचक्की लावूच नये का? सगळीकडे असंच होतं का?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक

नाही गं. त्याच राज्यात हल नावाचं गाव आहे, तिथे २००१ ला हायस्कूलजवळ टाउनची टर्बाइन आली आणि २००६ ला जुन्या कचरा डेपोवर दुसरी मोठी. फाल्मथसारखं रामायण तिथे झालं नाही. हलमध्ये वीज खातंच गावाचं, तयार झालेली वीज गावातच वापरली जायची, मग पंखा फिरताना दिसला की माणसाला तो आपला वाटायचा. फाल्मथमध्ये आवाज काही मोजक्या घरांना आणि फायदा सगळ्या गावाला. तू प्रोजेक्ट करणार असशील तर ही दोन गावं शेजारी ठेवून बघ.

प्रश्न : ताई आमच्या पाटण तालुक्यात डोंगरावर पंखेच पंखे आहेत, रात्री वाऱ्याला आवाज येतो. आम्हाला काय करता येईल?
– एक शेतकरी

दादा, तुमच्याकडचे पंखे बहुतेक खासगी कंपन्यांचे, त्यामुळे टाउनवर केस वगैरे प्रकार नाही. आपल्याकडे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. त्याच्यावर १० किंवा जास्त गेलं की तक्रार करता येते, म्हणजे रात्री ५५ किंवा त्याच्या पुढे. फरक बघा, तिथे गावातल्या शांततेवर १० धरतात, आपण छापील आकड्यावर, त्यामुळे मुळात शांत असलेल्या वाडीला आपला नियम तितकासा कामाला येत नाही. तरी अर्ज कराच, कलेक्टर किंवा डीवायएसपी साहेबांकडे, एक कॉपी प्रदूषण नियंत्रण मंडळाला, त्यात घरापासून पंख्याचं अंतर लिहा आणि मोजणी रात्रीच, वारा असताना, तुमच्या अंगणात करा असं स्पष्ट मागा. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून धरत बसू नका.