पुस्तकं पाच, प्रश्न एकही नाही

संशोधन प्रकल्पाचा आराखडा जमा करायची तारीख जवळ आली की एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्या समुपदेशन कक्षात यायला लागतात. कुणाला झोप लागत नाही, कुणाचं जेवण तुटलंय. बोलतं केलं की बहुतेकांची काळजी एकच निघते : वेगवेगळ्या वाङ्मयप्रकारांतल्या कृतींची तुलना करायचा विषय घेतलाय, पण कवितेशेजारी आत्मकथन ठेवायचं तरी कसं?

त्यांच्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिच्या वहीत यादी होती. बाबुराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३), नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) ही दोन आत्मकथनं आणि एक नाटक, तेवढं अजून ठरायचं होतं. विषय होता दलित साहित्यातली वेदना आणि विद्रोह.

"एवढं सगळं वाचल्याशिवाय आराखडा लिहिणार कसा, मॅडम?"

"आणि नाही वाचलंस तर?"

"सर म्हणतील, हिचा अभ्यासच नाही."

माझी बैठक विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. मन घाबरलं की त्याला धीर देण्याआधी भीतीच्या मागे कोणता हट्ट बसलाय ते मी बघते. 'सगळं आलंच पाहिजे, नाहीतर मी नालायक' हा तो हट्ट. तो सैल झाल्याशिवाय वेळापत्रक करून देणं फुकट. 'सगळं' म्हणजे नेमकं काय, असं मी तिला कागदावर लिहायला लावलं. चार लेखक, तीन वाङ्मयप्रकार, सतरा वर्षांचा काळ. त्यात 'उपरा' भटक्या कैकाडी समाजाचं, म्हणजे तिथलं जगणंही निराळं.

"यांत फरक सापडला, तर तो कशामुळे आला म्हणशील? लेखकामुळे, काळामुळे, समाजामुळे की प्रकारामुळे?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. "सांगताच येणार नाही."

वाङ्मयप्रकारांची तुलना फसते ती बहुधा इथंच. प्रकार बदलल्यानं काय होतं हे पाहायचं असेल, तर बाकीचं शक्य तितकं स्थिर धरावं लागतं. एकच लेखक घ्या, किंवा एकच वस्ती, किंवा एकच घटना. दया पवारांचा कवितासंग्रह 'कोंडवाडा' १९७४चा, 'बलुतं' त्यानंतर चार वर्षांनी आलेलं. लेखक एक, प्रकार दोन. बाकीची पुस्तकं प्रस्तावनेत एका परिच्छेदात येऊ शकतात.

पुढच्या भेटीला ती दोन्ही पुस्तकं घेऊन आली. 'कोंडवाडा'ची शीर्षककविता आणि 'बलुतं'ची सुरुवातीची पानं समोर ठेवली.

"कवितेत कोण बोलतंय?"

"कवी."

"नाव आहे त्याचं? गाव, साल?"

"काहीच नाही. कैद आहे, पण ती कित्येक जन्मांची."

"आणि इथं?"

"इथं पूर्ण नावच आहे, दगडू मारुती पवार. पुढं मुंबईतली कावाखान्याची वस्ती येते, नातेवाईक येतात..." ती थबकली. "पण मॅडम, इथं दोघं आहेत. दगडू सांगतो आणि शिकून पांढरपेशा झालेला दुसरा ऐकतो. माणूस एकच. मग कवितेत ऐकणारा कोण?"

हा प्रश्न तिचा होता, मी सुचवलेला नव्हता. समुपदेशकाला मिळायचं ते अशा क्षणी मिळतं, आणि मला त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. 'वेदना व विद्रोह' तिथंच गळून पडलं. त्या जागी आलं : स्वतःची ओळख सांगताना कविता काय गाळते, आणि तेच सांगायला आत्मकथनाला एका माणसाचे दोन का करावे लागतात?

इथून पुढचं सगळं व्यवहाराचं. दहा कविता आणि 'बलुतं'मधले पाच-सहा प्रसंग निवडायचे, जास्त नाही. प्रत्येकासाठी तक्त्यात पाच रकाने : पृष्ठ, बोलणारा, ऐकणारा, कोणता तपशील दिलाय, कोणता टाळलाय. आवृत्ती पहिल्या दिवशी ठरवून तीच शेवटपर्यंत वापरायची. आवृत्ती बदलली की पृष्ठक्रमांक हलतात आणि तळटिपा जुळवताना रडू येतं. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आधीचे प्रबंध पाहावेत, पण तक्ता अर्धा भरल्यावर. आधी पाहिले की त्यांचेच मुद्दे आपल्या रकान्यांत येऊन बसतात.

प्रकरणांची आखणी करताना पहिलं 'कोंडवाडा', दुसरं 'बलुतं', तिसरं तुलना अशी मांडणी करू नये. दोन प्रकरणं आशय सांगण्यात संपतात आणि तुलनेला चार पानं उरतात. प्रकरणं मुद्द्यांची करावीत (बोलणारा, ऐकणारा, स्थळकाळ) आणि प्रत्येकात दोन्ही पुस्तकं आणावीत. पन्नास पानांचा प्रकल्प असेल तर त्यातली तीसेक पानं यालाच द्यावीत. आणि कवितेतला 'मी' म्हणजे थेट कवी, असं धरून आत्मकथनातल्या घटना कवितेवर चिकटवू नयेत. ही चूक हुशार मुलंही करतात.

आराखडा दीड पानात बसला. मार्गदर्शकांनी एकच शंका काढली : "लेखक एक असला तरी चार वर्षांत माणूस बदलतो, त्याचं काय?" तिनं ती अभ्यासाच्या मर्यादांमध्ये दोन वाक्यांत लिहिली आणि तक्त्याला सहावा रकाना जोडला, कविता आधी कुठं आणि केव्हा छापून आली याचा.